नावे झाकून वाच

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची दोन टिपणे पोहोचली. पत्र एकदा वाचले. टिपणे मात्र तीनदा वाचली, कारण पत्रात जे विचारले आहेस त्याचे उत्तर टिपणांतच आहे आणि ते तुझ्या लक्षात आलेले दिसत नाही. कायदा शिकवणाऱ्याने आणि त्यावर संशोधन करणाऱ्याने राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रश्नांत पडावे का, असे तू विचारतेस. सुरक्षा खात्यात काम केलेले लोक तुला म्हणाले की गोपनीय कागद न पाहता तुम्ही मंडळी हवेत लिहिता, आणि तुझे प्राध्यापक म्हणाले की तिकडे गेलेला अभ्यासक परत येतो तो सरकारचा वकील होऊनच. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण या प्रश्नावर तू दोन पाने खर्च केलीस याचा मला थोडा रागच आला.

आता टिपणांकडे ये. पहिल्यात, सीमा ओलांडून झालेल्या एका हवाई हल्ल्याविषयी, तू लिहितेस की धोका प्रत्यक्ष आणि अगदी समोर उभा असल्याशिवाय स्वसंरक्षणाचा हक्क उत्पन्न होत नाही. पाच महिन्यांनंतरच्या दुसऱ्या टिपणात, दुसऱ्या देशाने केलेल्या जवळपास तशाच हल्ल्याविषयी, तू लिहितेस की धोका वाजवी अंदाजाने संभवत असेल तर त्या देशाने वाट पाहत बसण्याचे कारण नाही. या पाच महिन्यांत स्वसंरक्षणाचा हक्क सांगणारे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे ५१वे कलम बदलले नाही आणि तुझ्या तळटिपांत एकही नवा निवाडा नाही. बदलले ते हल्ला करणाऱ्या देशाचे नाव. दोन्ही मते मांडणारे जाणते लोक आहेत आणि यांपैकी कोणत्याही एका मतावर तू ठाम राहिली असतीस तर मी वाद घातला असता, पत्र लिहिले नसते.

मत ठरेपर्यंत देशांची नावे झाकून ठेव. हे मी शब्दशः म्हणतो आहे. माझ्या टेबलाच्या खणात अजूनही पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या असतात. निवाड्याची किंवा राजनैतिक पत्राची छायाप्रत काढायची, नावांवर पट्ट्या चिकटवायच्या, वर पेन्सिलीने 'क' आणि 'ख' लिहायचे आणि मग वाचायला बसायचे. सहकाऱ्यांनी याची पुष्कळ थट्टा केली. पट्टीखालचे नाव बहुतेकदा ओळखू येतेच, हेही खरे. पण ओळखू आले तरी दर ओळीला डोळ्यांसमोर न आल्याने हात थोडा सरळ चालतो.

कॅरोलाइन प्रकरणापासून सुरुवात कर. डिसेंबर १८३७ मध्ये कॅनडातून ब्रिटिश तुकडी नायगारा नदी ओलांडून अमेरिकेच्या बाजूला आली, बंडखोरांना रसद पोहोचवणारी 'कॅरोलाइन' ही आगबोट तिने पेटवली आणि धबधब्याच्या दिशेने सोडून दिली. १८४१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी ब्रिटनला लिहिले की स्वसंरक्षणाची निकड तात्काळ, अनावर आणि दुसरा मार्ग किंवा विचाराला उसंत न ठेवणारी असली पाहिजे. हे वाक्य तुला पाठ आहे. पण ते तक्रार करणाऱ्या पक्षाने लिहिले होते आणि पुढच्या वर्षी लॉर्ड अ‍ॅशबर्टन यांनी ती कसोटी न नाकारता आपली कृती तिच्यात बसते असा युक्तिवाद केला, याकडे किती जणांचे लक्ष जाते? ज्याला ती कसोटी अडचणीची होती त्यानेही ती मान्य केली, म्हणून तिला वजन आले. आज तीच कसोटी बळाचा वापर करणारे उद्धृत करतात, 'तात्काळ' या शब्दाला ताणून ताणून. 'क'ला ताणू द्यायचे असेल तर 'ख'लाही ताणू दे. एवढेच मी म्हणतो.

दुसरे उदाहरण तुला अधिक आवडेल, कारण त्यात पट्ट्या काढल्यावर गंमत आहे. गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या २१व्या कलमात सुरक्षेचा अपवाद आहे आणि त्याची शब्दरचना अशी, की एखाद्या देशाला स्वतःच्या मूलभूत सुरक्षाहितासाठी जे आवश्यक वाटेल ते त्याला करता यावे. मग 'वाटणे' तपासायचे कोणी? युक्रेनने रशियाविरुद्ध नेलेल्या वाहतूकबंदीच्या तंट्यात रशियाचे म्हणणे होते की हे कोणालाच तपासता येणार नाही, आणि त्रयस्थ पक्ष म्हणून आलेल्या अमेरिकेचे म्हणणेही या मुद्द्यावर तेच होते. २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या, तंटे ऐकणाऱ्या पॅनेलने ते दोघांचेही फेटाळले. २०२२ मध्ये पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमवरील आयातशुल्काच्या तंट्यांत अमेरिकेने तोच अपवाद पुढे केला, तोही टिकला नाही. या दोन निकालांवरचे लेख समोरासमोर ठेवून वाच. कोणी नावे झाकून लिहिले आणि कोणी नावे बघून लिहिले हे तुला दुसऱ्या परिच्छेदातच कळेल.

गोपनीयतेचा मुद्दा मी टाळत नाही. गुप्तवार्ता तुला मिळणार नाही, मान्य. पण गुप्त असतात त्या घटना. नियम गुप्त नसतो. 'अमुक वस्तुस्थिती असेल तर कृती कायदेशीर, नसेल तर बेकायदेशीर' असे सशर्त मत बाहेर बसूनही काटेकोर लिहिता येते. शिवाय ५१व्या कलमाखाली केलेली कारवाई सुरक्षा परिषदेला ताबडतोब कळवावी लागते आणि ती पत्रे उघड असतात. तुझ्या दोन्ही टिपणांत त्यांतले एकही नाही. वर्तमानपत्रे मात्र भरपूर आहेत.

आता माझ्याबद्दल, कारण इतके बोलल्यावर ते लपवणे बरे नव्हे. तिशीत असताना एका सरकारी कार्यालयासाठी मी असेच एक मत लिहिले होते. त्यात नववा परिच्छेद होता: हाच युक्तिवाद उद्या समोरच्याने आपल्याविरुद्ध केला तर आपण तो मान्य करू का? वरिष्ठांनी सौम्यपणे सुचवले की याने वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. मी तो काढला. मत पसंत पडले, पुढची कामे मिळाली. काही वर्षांनी त्याच धाटणीचा युक्तिवाद दुसऱ्या सरकारच्या पत्रात वाचला, आणि त्याला उत्तर तयार करण्याचे काम माझ्याकडेच आले. मी नकार दिला. त्यानंतर मला बोलावणे आले नाही. मला त्याची खंत नाही असे मी अनेक वर्षे सांगत आलो. तुला लिहिताना मात्र ते वाक्य पुरे होत नाही. नववा परिच्छेद राहिला असता तर त्या मताचा उपयोग कमी झाला नसता, उलट वाढला असता, असे मला अजूनही वाटते, आणि यात स्वतःचे समर्थन किती आणि खरे किती हे तू ठरव.

ब्रिटनच्या महान्यायप्रतिनिधींनी, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा सल्लागारांनी, ७ मार्च २००३ रोजी इराकवरील कारवाईविषयी दिलेले गोपनीय मत १३ पानांचे होते. सुरक्षा परिषदेचा आणखी एक ठराव मिळवणे हा सर्वात सुरक्षित मार्ग असे त्यात म्हटले होते. दहा दिवसांनी संसदेपुढे जे लेखी उत्तर ठेवले गेले ते एका पानात मावते, आणि त्यात शंका नव्हती. परराष्ट्र खात्याच्या विधी उपसल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी त्याच महिन्यात पद सोडले. सगळे त्यांच्या राजीनाम्याचे कौतुक करतात, मीही करतो, पण मी विद्यार्थ्यांना ती १३ पाने आणि ते एक पान शेजारी ठेवायला लावतो. गळालेल्या ओळींवर बोट ठेव. प्रत्येकाचा नववा परिच्छेद तिथेच कुठेतरी असतो.

तेव्हा सुरक्षेच्या प्रश्नांकडे जायचे तर जा; मला हरकत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचे, म्हणजे त्याच्या मूळ नियमावलीचे, ३८वे कलम विद्वानांच्या लेखनाला कायदा ठरवण्याचे दुय्यम साधन मानते. दुय्यम, पण साधन. १९०० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाकेत हबाना खटल्यात नाना देशांच्या ग्रंथकारांचा आधार घेऊन, आपल्याच नौदलाने युद्धात पकडलेल्या मासेमारी नौका बेकायदा पकडल्याचे ठरवले. ते ग्रंथकार त्या युद्धासाठी लिहीत नव्हते, म्हणून त्यांच्यावर विसंबता आले. ज्याचे मत नाव बघून फिरते, त्याच्यावर कोण विसंबणार? सरकारसुद्धा नाही, ते फक्त वापरून घेते.

दोन्ही टिपणे परत पाठवत आहे, पट्ट्या लावून. एकच टिपण नव्याने लिही, 'क' आणि 'ख' असे, आणि नावांचा कागद वेगळ्या बंद पाकिटात पाठव. तो मी शेवटी उघडेन. सोबत माझ्या त्या जुन्या मताची प्रत आहे, तीही पट्ट्या लावलेली. पट्ट्या काढण्याआधी समासात तुझे मत लिही. आठव्यानंतर क्रमांक थेट दहा आहे; तो टंकलेखकाचा दोष नाही.

तुझा,
जुना शिक्षक