मुलगा म्हणतो, मला वाइड रिसीव्हर व्हायचंय

«ताई, आम्ही डॅलसच्या उपनगरात राहतो. मुलगा दहावीत आहे आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या ज्युनिअर व्हर्सिटी (दुसऱ्या फळीच्या) संघात वाइड रिसीव्हर, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू धावत झेलणारा, म्हणून खेळतो. एनएफएल, म्हणजे इथली व्यावसायिक फुटबॉल लीग, याशिवाय दुसरा विषय नाही. त्याचे बाबा म्हणतात, हे खूळ पुरे, आता अभ्यासाला लाग. जेवायला बसलं की वाद ठरलेला. सासूबाई पुण्याहून फोनवर विचारतात, डोक्याला लागलं तर? मला सगळ्यांचंच पटतं. यात खरंच करिअर असतं का? की आत्ताच थांबवावं?» – एक आई, टेक्सस

तुमच्या घरात ज्यावरून भांडण चाललंय, तो निर्णय आज घ्यायचाच नाहीये. हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल कुणालाही ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक फेरीत) घेत नाही. सचिन पंधराव्या वर्षी मुंबईकडून रणजी खेळला, तसा रस्ता या खेळात नाही. मुलाला एनएफएल हवं असो की बाबांना पदवी, पुढची पाच-सहा वर्षं दोघांची वाट एकच आहे: आधी शाळा, मग कॉलेज. आणि त्या वाटेवर मार्क लागतात. टेक्ससमध्ये एखाद्या विषयात ७० च्या खाली गेलं की खेळणं बंद होतं, हे तुमच्या मुलाला पाठ असेल. पुढे डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यांत वरच्या पातळीवर, खेळायचं तर एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेला हायस्कूलचे १६ कोअर (मुख्य) विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (गुणांची सरासरी) लागतो. त्यातले दहा विषय बारावी सुरू होण्याआधी संपवावे लागतात आणि ते मार्क नंतर वाढवता येत नाहीत. म्हणून शाळेच्या काउन्सेलरची भेट याच महिन्यात घ्या. ‘फुटबॉल की अभ्यास’ हा वाद तिथेच निम्मा मिटेल, कारण अभ्यास सोडला तर फुटबॉलही सुटतो.

आता करिअरचं. अमेरिकेत साधारण दहा लाख मुलं हायस्कूल फुटबॉल खेळतात. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये दरवर्षी सगळ्या जागा मिळून जेमतेम २६० खेळाडू निवडले जातात. त्यात वाइड रिसीव्हर तीसेक. हे आकडे मुलापासून लपवू नका, पण जेवणाच्या ताटावर त्याच्या अंगावर फेकूही नका. त्याला ते माहीत असतात. पंधरा वर्षांचा मुलगा ‘मी त्या तीसांतला एक’ असंच धरून चालतो आणि त्या वयात ते स्वाभाविक आहे.

त्याच्याशी बोलताना नुसत्या मोठ्या नावांवर थांबू नका. जेरी राइसचं नाव तो घेईलच. वडील मिसिसिपीत गवंडी, उन्हाळ्यात त्यांच्या हाताखाली काम करताना भावांनी फेकलेल्या विटा झेलत हात तयार झाले. २० हंगाम, चेंडू झेलून मिळवलेले २२,८९५ यार्ड, आजवर कुणीही त्याच्या जवळपास पोचलेलं नाही. पण असा एकच झाला. त्यापेक्षा अ‍ॅडम थीलनची गोष्ट दोघांनी मिळून वाचा. मिनेसोटातला मुलगा, मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही, मॅनकेटोच्या डिव्हिजन टू कॉलेजात ५०० डॉलरच्या स्कॉलरशिपवर गेला. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. मिनेसोटा व्हायकिंग्ज या एनएफएल संघाच्या शिबिरात ट्रायआउट (निवड चाचणी) देऊन आत शिरला आणि पहिलं वर्ष प्रॅक्टिस स्क्वाडमध्ये, म्हणजे फक्त सरावाच्या राखीव खेळाडूंत, काढलं. पुढची दोन वर्षं मुख्यतः स्पेशल टीममध्ये, म्हणजे किकच्या वेळी जीव तोडून धावायचं, अडवायचं, ज्याला टीव्हीवर कुणी टाळ्या वाजवत नाही ते काम. २०१७ मध्ये १,२७६ यार्ड केले तेव्हा कुठे देशाला नाव कळलं. एका संघात ५३ खेळाडू असतात आणि त्यात रिसीव्हर पाच-सहा. त्यातल्या शेवटच्या दोघांची नोकरी बहुतेक वेळा चेंडू झेलण्यावर नाही, या न दिसणाऱ्या कामावर टिकते. मुलाला विचारा, हे काम तुला आवडेल का? त्याचं उत्तर तुम्हाला खूप काही सांगून जाईल.

पैसा मोठा आहे, पण त्याचा हिशेब वेगळा आहे. २०२५ च्या हंगामात नव्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार ८,४०,००० डॉलर होता. प्रॅक्टिस स्क्वाडवरच्या नवख्याला तेव्हा आठवड्याला १३,००० डॉलर मिळत होते, पण पुढच्या मंगळवारी बोलावून ‘सामान आवर’ असं सांगू शकतात. करार चार वर्षांचा असला तरी त्यातली हमी बऱ्याचदा थोड्याच रकमेची असते. एजंट तीन टक्क्यांपर्यंत घेतो, कर वेगळा. खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांच्या आतच सांगते आणि पेन्शनचा हक्क मिळायला तीन हंगाम मोजले जावे लागतात. म्हणजे सगळं जमून आलं तरी पंचविशी-सव्विशीत दुसरा व्यवसाय शोधायचाच आहे. त्याच्या बाबांना हे नीट सांगा: पदवीची गरज एनएफएलला गेलेल्या मुलालाही लागतेच, उलट लवकर लागते.

सासूबाईंचा प्रश्न मात्र मी सगळ्यांत वर ठेवेन. वाइड रिसीव्हर हवेत उडी मारतो, नजर चेंडूवर, अंग उघडं, आणि त्याच क्षणी समोरून कुणीतरी येऊन आदळतं. व्हिन्सेंट जॅक्सन आणि डेमॅरियस थॉमस हे दोघे नावाजलेले रिसीव्हर २०२१ मध्ये गेले, एक ३८ वर्षांचा, दुसरा ३३. दोघांच्याही मेंदूत बॉस्टन विद्यापीठाच्या तज्ज्ञांना सीटीई हा मेंदू हळूहळू झिजवणारा आजार आढळला. तो वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडलेला आहे, नुसत्या मोठ्या कन्कशनशी (डोक्याला मार बसून मेंदूला होणाऱ्या इजेशी) नाही, आणि माणूस जिवंत असताना आजही त्याचं खात्रीचं निदान होत नाही. डेट्रॉइटचा कॅल्विन जॉन्सन, एका हंगामात १,९६४ यार्ड करणारा, तिशीतच बाजूला झाला. शरीर थकलं होतं. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही, २०२१ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. खेळू द्या, पण अटी आधी ठरवा, मार लागल्यावर नाही. हंगाम सुरू होण्याआधी मेंदूच्या क्षमतेची बेसलाइन चाचणी (मार लागला तर तुलनेसाठी आधीची नोंद) शाळेत होते का ते विचारा, नसेल तर डॉक्टरकडे करून घ्या. टेक्ससच्या कायद्याप्रमाणे कन्कशनचा संशय आला की त्या दिवशी मैदान बंद आणि डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय परत येता येत नाही. पण मुलं लपवतात. जागा जाईल ही भीती असते. रात्री उजेड सहन होत नाही, उगाच चिडचिड, वाचलेलं लक्षात राहत नाही, झोपेचा ताल बिघडला, यातलं काही दिसलं तर ‘मला काही झालं नाही’ यावर विश्वास ठेवू नका. एका कन्कशननंतर दुसरं झालं, तर खेळ थांबवायचा की नाही यावर घरात बसून गंभीरपणे बोलायचं, हे आजच त्याच्या तोंडून कबूल करून घ्या. उन्हाळ्यात सेव्हन-ऑन-सेव्हन (सात-सात जणांचा खेळ) खेळू द्या, त्यात टॅकल, म्हणजे अंगावर जाऊन पाडणं, नसतं आणि रिसीव्हरची सगळी कला त्यातच घोटली जाते. फ्लॅग फुटबॉल, ज्यात पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढतात, तो तर २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे.

आणि त्याच्या बाबांना एका शुक्रवारी सामन्याला घेऊन जा. हंगाम आणि गणपती एकाच वेळी येतात, मंडळात एक दिवस कमी गेलं तर बाप्पा रागावणार नाहीत. तिथे चेंडूकडे बघायचं नाही, मुलाच्या पायांकडे बघायचं. आउट रूटमध्ये (बाहेरच्या बाजूला वळायच्या धावेत) तो दहा यार्ड पूर्ण वेगाने धावतो, आतला पाय रोवतो आणि झटकन साइडलाइनकडे (मैदानाच्या कडेच्या रेषेकडे) वळतो. वळायच्या आधी खांदे हलले, पावलं बारीक झाली की कॉर्नरबॅकला, म्हणजे त्याला रोखणाऱ्या बचावपटूला, कळतं. चेंडू तर मुलाने मागे वळून बघायच्या आधीच क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या) हातून सुटलेला असतो. हे जमायला हजारो वेळा तेच करावं लागतं. आणि चेंडू दुसऱ्याकडे असताना तो काय करतो तेही बघा. समोरच्याला अडवायला जीव लावतो की उभा राहतो? कोच तिकडेच बघत असतात. बाबांनी घरी येऊन या दोन गोष्टींबद्दल चार वाक्यं बोलली, तरी जेवणाच्या टेबलावरचा सूर बदलेल. आपलं काम वडिलांनी निरखून पाहिलं, हे त्या वयाच्या मुलाला फार हवं असतं.

या खेळात राहायला खेळाडूच व्हावं लागतं असंही नाही. संजय लाल हे भारतीय वंशाचे गृहस्थ कॉलेजात रिसीव्हर होते, पुढे रेडर्स, जेट्स, काउबॉईज, सीहॉक्स अशा संघांत रिसीव्हर खेळाडूंचे प्रशिक्षक झाले. फिजिओ, आकडेवारीचं विश्लेषण, क्रीडावैद्यक अशीही दारं आहेत. ती आत्ता त्याच्यापुढे ‘दुसरा पर्याय’ म्हणून ठेवू नका, तो चिडेल. अकरावीत विषय निवडायची वेळ येईल तेव्हा काढा.

पैशाच्या बाबतीत एक सावधगिरी. ‘तुमच्या मुलाला मोठ्या कॉलेजांच्या नजरेत आणतो’ म्हणत हजारो डॉलर मागणारे भेटतील. आधी शाळेच्या कोचला स्पष्ट विचारा, हा मुलगा कुठल्या पातळीवर खेळू शकेल? कोच डिव्हिजन थ्री म्हणाला तर नाराज होऊ नका. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, पण अभ्यासावर मदत मिळते आणि त्यातली काही कॉलेजं देशातल्या उत्तम कॉलेजांत मोडतात. काउन्सेलरकडून विषयांची यादी आली आणि कोचचं मत कळलं की पुन्हा लिहा, कुठल्या कॉलेजांकडे बघायचं ते तेव्हा बोलू.