मोझेलची पहिली बाटली घेताना

अरे वाइनची सुरुवात रिस्लिंगनेच, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइननेच करायची असेल तर जर्मनीच्या मोझेल नदीच्या खोऱ्यापासून कर, पण लेबलवरचा काबिनेट, श्पेटलेझे बघून गोड किती ते ठरवू नकोस. हे शब्द द्राक्ष तोडताना रसात साखर किती होती ते सांगतात, बाटलीत किती उरली ते नाही. मी पहिल्यांदा काबिनेट म्हणजे कोरडीच, गोडी नसलेली असणार असं धरून चाललो, घरी येऊन माशासोबत उघडली तर निघाली चांगली गोड, बायको अजून चिडवते.

सोपी युक्ती सांगतो, बाटली फिरवून अल्कोहोल बघ. ८ टक्क्यांच्या आसपास असेल तर साखर पूर्ण आंबलेली नाही, म्हणजे गोड, आणि १२ च्या आसपास असेल तर बहुतेक कोरडी, त्यावर बऱ्याचदा ट्रोकन, म्हणजे कोरडी, असं लिहिलेलं असतं. फाइनहेर्ब म्हणजे मधलं काहीतरी.

पण गोड म्हटलं की नाक मुरडू नकोस, थंडीमुळे द्राक्षं सावकाश पिकतात त्यामुळे आंबटपणा टिकून राहतो आणि ती गोडी चिकट वाटत नाही, कोकम सरबतासारखं समज. चिंच-गूळ घातलेल्या तिखट आमटीसोबत तर झकास लागते, कोरडीपेक्षा हीच बरी.

आणि जमलं तर एकदा मोझेलकाठच्या ब्रेम गावचा काल्मोंट हा द्राक्षमळ्यांचा डोंगर बघून ये. ६५ अंशांपर्यंतचा चढ, पायाखाली पाटीचा काळपट दगड, दिवसभर तापून रात्री वेलींना ऊब देणारा. तिथे तोडणी हातानेच होते, मग बाटली महाग का म्हणून दुकानदाराशी घासाघीस करायची हिंमत होत नाही.