कोबीवरील मावा : फवारणी का लागू पडत नाही?

प्रश्न : आमच्या गड्डाकोबीच्या आतल्या पानांत राखाडी मावा दाटला आहे. दोन वेळा औषध फवारूनही तो हटत नाही. काय करावे? (एक शेतकरी, साक्री, जि. धुळे)

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा कोबीवरचा खास मावा दिसतो. त्याच्या अंगावर मेणचट भुकटी असते आणि कोबीचे पानही मेणचटच असल्यामुळे, नुसते पाण्यात कालवलेले औषध थेंबाथेंबाने ओघळून जाते व गड्ड्याच्या आत दडलेल्या किडीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून 5 टक्के निंबोळी अर्कात (5 किलो निंबोळी पावडर, 100 लिटर पाणी) थोडा साबणचुरा मिसळून पानांच्या खालच्या बाजूने, सायंकाळी फवारावे. मादी नराशिवाय थेट पिलांना जन्म देते. त्यामुळे चुकलेल्या चार-दोन किडींतूनही वसाहत पुन्हा उभी राहते, आणि आठवड्याने फवारणी पुन्हा करावी लागते.

मात्र त्याआधी पाने नीट पाहावीत. फुगलेला, तपकिरी, कडक झालेला मावा आढळल्यास त्यात परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढत आहे असे समजावे; असा मावा व ढालकिडे भरपूर असतील तर तीव्र कीटकनाशक टाळणेच शहाणपणाचे, कारण ते प्रथम या मित्रकीटकांनाच मारते. युरियाचा हात आखडता ठेवावा, कारण कोवळी, रसाळ वाढ माव्याला फारच मानवते. पुढील हंगामात कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी सापळा म्हणून घ्याव्यात, आणि काढणीनंतर बुडखे शेतात उभे ठेवू नयेत.