जुन्या स्टिरिओवर कमी खर्चात चांगल्या दर्जाचं ऑनलाइन संगीत कसं ऐकता येईल?

अॅम्प्लिफायर आणि स्पीकर धड असतील तर त्यांना हात लावू नका. अॅम्प्लिफायरच्या मागे ‘ऑक्स’, ‘सीडी’ किंवा ‘टेप’ असं लिहिलेली लाल-पांढऱ्या सॉकेटची जोडी रिकामी असेल, तर तिथे छोटा वाय-फाय स्ट्रीमर जोडा. विम मिनीसारखा तळहातावर मावणारा डबाही पुरतो. डिजिटल संकेताचं अॅनालॉगमध्ये रूपांतर करणारा डॅक त्यातच असतो.

ब्लूटूथ रिसीव्हर आणखी स्वस्त पडतो, पण मी तो सुचवणार नाही. सीडीच्या दर्जाला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, तर ब्लूटूथचा नेहमीचा एसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) साधारण ३२८ पर्यंतच जातो. झांज वाजल्यावर तिचा नाद विरत जातो ना, तिथे मला फरक जाणवतो. शिवाय फोन वाजला की गाणं बंद. वाय-फाय स्ट्रीमर संगीत थेट इंटरनेटवरून घेतो, फोन फक्त रिमोटचं काम करतो.

जोडाजोडीची आवड असेल तर रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक, त्यावर डॅक बोर्ड आणि व्हॉल्युमिओ हे संगीत वाजवणारं सॉफ्टवेअर, हेही छान जमतं. मात्र पायच्या स्वतःच्या हेडफोन जॅकवर भागवू नका, आवाज निराश करतो.

एक चूक मी स्वतः केली आहे: वायर ‘फोनो’मध्ये खोचली. ते इनपुट रेकॉर्ड प्लेयरसाठी असतं आणि अतिशय क्षीण संकेत वाढवतं, त्यामुळे बास घुमतो आणि आवाज फाटतो.

आणि हो, संगीताच्या अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन दर्जा ‘लॉसलेस’ (म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता) केलाय ना, तेवढं बघा.