जिल्हा रुग्णालयाला मेडिकल कॉलेज जोडल्याने रुग्णांना खरंच फायदा होतो का?

होतो, पण लगेच नाही. केंद्राची ही योजना 2014 ची. तीन टप्प्यांत 157 कॉलेजं मंजूर झाली, आपल्याकडची गोंदिया आणि नंदुरबार त्यातलीच. 9 ऑक्टोबर 2024 ला राज्यात आणखी दहा कॉलेजांचं एकदम उद्घाटन झालं, गडचिरोली, हिंगोली, वाशिमसकट. इमारत उभी राहते हो, घोडं अडतं ते प्राध्यापकांपाशी. पहिले इंटर्न मिळायला साडेचार वर्षं लागतात, आणि रात्रपाळी ज्यांच्या जिवावर चालते ते निवासी डॉक्टर पीजी, म्हणजे पदव्युत्तर अभ्यासक्रम, सुरू झाल्यावरच. तोवर कॉलेजच्या मान्यतेसाठी होणाऱ्या तपासणीपुरते दुसऱ्या कॉलेजातून प्राध्यापक आणून त्यांची संख्या पुरी दाखवायची, हा खेळ जुनाच. तुमच्या जिल्ह्याचं जोखायचं असेल तर रात्री दोनला भूलतज्ज्ञ हजर असतो का, एवढंच विचारा. नसेल, तर सिझेरियनची बाई आजही ॲम्ब्युलन्सने मोठ्या शहरातच जाणार.