पडद्याच्या कोपऱ्यातला ठिपका

प्रश्न : काका नमस्कार, माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत, आम्ही कोपरीत राहतो. तरुणपणी मित्रांबरोबर रात्री ९ ते १२ चा शेवटचा खेळ बघायला जायचे, आनंद, अशोक, वंदना सगळी थेटरं त्यांची पायाखालची. परवा नातवंडांना सांगत होते की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात वर एक गोल ठिपका यायचा, थोड्या वेळाने परत यायचा, आणि मग 'मशीन बदललं'. आणि मधेच चित्र पिवळट अंधुक व्हायचं तेव्हा सगळे 'ए कार्बन!' ओरडायचे. मुलं म्हणतात आजोबा काहीतरीच सांगतात. मलाही असं काही आठवत नाही. हे खरं आहे का?
– एक वाचक, ठाणे पूर्व

उत्तर : ताई, शंभर टक्के खरं आहे, आणि तुमच्या बाबांना इतकं बारीक आठवतंय हे वाचून मला फार बरं वाटलं.

आधी ठिपका. पिक्चर यायचा तो ३५ एमएमच्या फिल्मवर, आणि सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म मशीनमधून जायची. एका रिळात साधारण २००० फूट, म्हणजे वीस-बावीस मिनिटं झाली की रीळ संपलं. आपला तीन तासांचा हिंदी पिक्चर धरला तर १६ हजार फुटांच्या वर फिल्म होते, आठ-नऊ रिळं. म्हणून केबिनमध्ये शेजारी शेजारी दोन मशीनं असायची, एक चालू तोवर दुसऱ्यावर पुढचं रीळ लावून तयार. पहिला ठिपका दिसला की ऑपरेटर दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायचा, मग सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की लगेच इकडचा उजेड बंद आणि तिकडचा चालू. ठिपका फक्त चार फ्रेमवर असायचा म्हणजे सेकंदाचा सहावा भाग, पापणी लवली की गेला. तुम्हाला आठवत नाही यात नवल नाही, ज्याला माहीत होतं त्यालाच तो दिसायचा.

आता कार्बन. तेव्हाच्या मशीनमध्ये बल्ब नसायचा, कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक आणून त्यांच्यामध्ये विजेची ठिणगी सतत जळत ठेवायची, तो उजेड इतका प्रखर की नुसत्या डोळ्यांनी बघायची सोय नाही, काळ्या काचेतूनच बघायचं. कांड्या जळून आखूड व्हायच्या, मधलं अंतर वाढायचं, की पडद्यावर चित्र पिवळं पडायचं. मग हँडल फिरवून कांड्या परत जवळ आणायच्या. ऑपरेटर रीळ गुंडाळण्यात गुंतला असेल तर खाली स्टॉलमधून हाक जायची, तीच बाबांची 'ए कार्बन'. पुढे झेनॉनचे दिवे आले आणि ही हाक बंद झाली.

मी नौपाड्यात वाढलो, आमच्या ओळखीचे एक ऑपरेटर होते त्यांच्यामुळे दोनदा केबिनमध्ये जायला मिळालं. आत भट्टीसारखं गरम, मशीनची एकसारखी टरटर, आणि त्यांची बोटं नखांपर्यंत काळी. त्यांनी मला उरलेला कार्बनचा तुकडा दिला होता, बोटाएवढा, वरून तांब्याचा मुलामा, ओट्यावर ओढला की काळीशार रेघ. आम्ही पोरं तुटलेल्या फिल्मचे तुकडे पण जमवायचो, बल्बमध्ये पाणी भरून भिंग करायचो आणि आरशाने ऊन पाडून भिंतीवर चित्र पाडायचो.

एकदा पावसाळ्यातल्या शेवटच्या खेळाला फिल्म अडकली. उभी राहिलेली फ्रेम दिव्याच्या उष्णतेने जळते, पडद्यावर हिरोच्या गालावर तपकिरी भोक पडलं आणि पसरत गेलं. शिट्ट्या, आरडाओरडा, लाईट लागले. पाच मिनिटांत त्यांनी जळका भाग कापून सांधा मारला आणि गाणं एका ओळीवरून तिसऱ्या ओळीवर उडी मारून चालू झालं. खाली शिव्या देणाऱ्यांत मी नव्हतो, मला ती काळी बोटं दिसत होती. माझ्या आठवणीत पिक्चरपेक्षा तीच जास्त आहेत, खरं सांगतो. नंतर बाराच्या पुढे तलावपाळीच्या कडेने भिजत घरी, सगळे मिळून तेच गाणं म्हणत, मधली ओळ गाळून.

मुलांना पटवायचं असेल तर एक करा. टीव्हीवर किंवा नेटवर जुने पिक्चर असतात त्यातले काही थेटरात चाललेल्या प्रिंटवरूनच उतरवलेले आहेत, त्यात ठिपके अजून दिसतात. असा एखादा लावा, नातवंडांना बाबांच्या बाजूला बसवा, आणि विसाव्या मिनिटाच्या आसपास उजवीकडे वर बघायला सांगा. ठिपका आला की बाबांना ओरडू दे, तुम्ही आधी बोलू नका.