१० बाय १२ च्या खोलीत गाणी ऐकायला अ‍ॅब्सॉर्प्शन किती आणि डिफ्युजन किती ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की १० बाय १२ ची खोली आहे, बुकशेल्फ स्पीकर आहेत, आणि एका दुकानदाराने चारही भिंतींना १ इंची फोम आणि मागे लाकडी डिफ्युझर असं कोटेशन दिलंय, तर अ‍ॅब्सॉर्प्शन (आवाज शोषणं) आणि डिफ्युजन (आवाज विखुरणं) यांचं प्रमाण ५०-५० ठेवू की ७०-३०. प्रमाणाचं नंतर बघू, आधी तो फोम कॅन्सल करा. अ‍ॅडव्हान्स दिला असेल तरी करा.

एवढं तावातावाने का सांगतोय ते लिहितो. माझ्या मेव्हण्याने मुलुंडच्या फ्लॅटमधली एक बेडरूम खास ऐकण्यासाठी केली, मापं हुबेहूब तुमची, उंची साडेनऊ फूट, खाली टाइल्स. चारही भिंतींना पिरॅमिडवाला १ इंची फोम, गोंदाने डायरेक्ट चिकटवलेला, कारण कोणीतरी सांगितलं की स्टुडिओत असंच असतं. माझी आई गाणं शिकवते, आयुष्य त्यात गेलंय तिचं. तिच्या एका जुन्या घरगुती बैठकीची कॅसेट होती, ती त्याने हौसेने डिजिटल करून घेतली आणि गणपतीत आम्ही गेलो तेव्हा आईला मुद्दाम त्या खोलीत बसवून ऐकवली. अगदी मनापासून केलं होतं त्याने, ते मी आजही म्हणतो. आईने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "अरे, तंबोरा कुठे गेला? नुसता खर्ज घुमतोय."

मेव्हणा म्हणाला, काकू, कॅसेटच जुनी आहे, टेप झिजलीय. मी तीच फाइल फोनवर घेऊन आईला हेडफोन लावून दिले तर लगेच म्हणाली, आहे की जवारी (तंबोऱ्याची ती झणकार). म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये होतं ते सगळं, खोलीने खाल्लं. तिथून आमचा वाद सुरू झाला तो अजून चालू आहे.

आता बघा काय होत होतं. आईची पट्टी काळी तीन, म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज साधारण ९२ हर्ट्झवर. १२ फूट लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमधला पहिला मोड, म्हणजे लाट दोन भिंतींमध्ये मागेपुढे आपटून जो ठराविक सूर घुमतो तो, ४७ हर्ट्झच्या आसपास येतो (आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भागिले लांबीच्या दुप्पट) आणि दुसरा ९४ वर. खर्जाच्या अगदी बाजूला! त्यात सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, जिथे प्रत्येक मोडचा दाब जास्तीत जास्त असतो. त्यामुळे खर्ज फुगला. आणि तंबोऱ्याचा जीव असतो जवारीत, तार घोडीच्या पाठीला हलकेच लागते आणि वरचे स्वर उमलतात ते हजार हर्ट्झच्या पुढे कितीतरी वर जातात, नेमके तेच १ इंची फोम गिळतो. सच्छिद्र माल कुठपर्यंत खाली काम करणार हे जाडीवर ठरतं, नीट शोषायला लाटेच्या पाव लांबीइतकी जाडी लागते. ९४ हर्ट्झची लाट साडेतीन मीटरपेक्षा लांब, तिचा पाव म्हणजे ९० सेंटीमीटर. तिथे १ इंच काय करणार? ज्याला लोक "रूम ट्रीटमेंट" म्हणून हजारो रुपये देतात तो प्रत्यक्षात भिंतीला चिकटवलेला ट्रेबल कट आहे, हे माझं स्पष्ट मत.

मी मागे लागून तो फोम काढायला लावला, रंगाचे पोपडे निघाले म्हणून बायकोने आम्हा दोघांनाही ऐकवलं. मग ४८ डेन्सिटीचे (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूलचे, म्हणजे दगडी तंतूंच्या लोकरीचे, ५० मिमी स्लॅब आणले, दोन-दोन एकत्र करून ४ इंच, सुताराकडून फ्रेम, वर साधं विरळ सुती कापड ज्यातून फुंकर आरपार जाते. समोरचे दोन्ही कोपरे जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलने भरले, मागच्या भिंतीला भिंतीपासून ४ इंच सोडून मोठं पॅनेल, आणि बाजूच्या भिंतींवर आरसा सरकवून सोफ्यावरून ज्या जागी स्पीकर दिसतो तिथे एकेक. तेवढंच. सोफा अडीच फूट पुढे घेतला. १२ फुटांत दुसरा मोड भिंतीपासून ३ फुटांवर शून्याला जातो, बरोबर ३ फुटांवर बसलात तर खर्ज गायबच होईल, म्हणून थोडं अलीकडे. अर्धा फरक तर या सोफ्यानेच पडला आणि त्याला पैसे लागले नाहीत. बाकी भिंती उघड्या ठेवल्या. आधी आणि नंतर यूमिक या मोजमापाच्या माइकने मापलं, रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ९४ हर्ट्झचा आवाज थांबल्यावरही रेंगाळायचा, ती लांब शेपटी आखडलेली सरळ दिसते. आई परत आली तेव्हा तीच फाइल लावली. म्हणाली, आता जवारी खुली वाटते.

आणि मेव्हणा काय म्हणतो, तर हा फरक केबलचा! त्याच सुमारास त्याने महागडी स्पीकर केबल घेतली होती. २.५ स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर ३ मीटर घेतली तरी जाऊन-येऊन तिचा रेझिस्टन्स ०.०४ ओहमच्या आसपास, समोर ८ ओहमचा स्पीकर, मग केबल बदलून ९४ हर्ट्झचा घुमारा कमी कसा होईल? मी त्याला सरळ सांगितलंय की केबल तीच ठेव, पॅनेल बाहेर काढ, सोफा भिंतीला लाव आणि मग ऐक. अजून तयार झालेला नाही. तुमच्या बजेटमध्ये केबलसाठी काही बाजूला काढलं असेल तर ते रॉकवूलमध्ये घाला.

डिफ्युजनचं विचारलंत. कमी-जास्त खोलीच्या खाचांचा जो लाकडी डिफ्युझर दुकानात दाखवतात त्यामागची कल्पना मॅनफ्रेड श्रोडर या जर्मन शास्त्रज्ञाची, १९७५ च्या आसपासची, आणि मूळ विचार मोठ्या हॉलसाठी होता. ७ खाचांचा डिफ्युझर ५०० हर्ट्झपासून काम करायला हवा तर सगळ्यात खोल खाच जवळजवळ ८ इंच लागते, आणि त्याच्यापासून निदान तीन लाटांच्या लांबीइतकं दूर बसायचं असा ठोकताळा आहे, म्हणजे ५०० हर्ट्झला २ मीटर. तुमच्या खोलीत डोक्यामागे २ मीटर आहेत का? नाहीत. मग दीड इंची लाकडी ठोकळ्यांचं चित्र भिंतीला लावून फक्त दिसायला छान दिसेल. छोट्या खोलीत डिफ्युजन म्हणजे पुस्तकांचं उघडं कपाट, मागेपुढे ठेवलेली, काही आडवी, आणि शोषक पॅनेलवर थोड्या अंतराने लाकडी पट्ट्या ठोकल्या की खालचे स्वर आत जातात आणि वरचे बऱ्यापैकी खोलीत परत येतात. मेव्हण्याकडे मागच्या पॅनेलला तेच केलंय. प्रमाण हवंच असेल तर भिंतींचा साधारण पाव भाग जाड शोषक, बाकीचं तसंच राहू द्या, आणि जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा. टाळी वाजवल्यावर टर्रर्र असा आवाज आला तर त्या दोन भिंतींमध्ये अजून काहीतरी टाका. खोली डेड, म्हणजे अगदी मुकी, करू नका एवढं बघा.

काही गोष्टी लिहायच्या राहिल्या. मी हे शास्त्रीय संगीत डोक्यात ठेवून सांगतोय, तुम्ही फक्त पिक्चर बघणार असाल तर थोडं जास्त शोषण चालेल. यातलं काहीही शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबवणार नाही आणि बाहेरची लोकल, रिक्षाही आत यायची थांबणार नाही, ते वेगळं काम आहे, त्याला वजनदार भिंत आणि घट्ट खिडकी लागते. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते. जुलैत ज्या भिंतीला ओल येते तिथे पॅनेल भिंतीला टेकवू नका, ४ इंच सोडलेले इथेही कामाला येतात, आणि कापड पावसाळ्यानंतर काढून उन्हात टाका. साधा पॉलियुरेथेन फोम पटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, बंद खोलीत तर नकोच. भाड्याचं घर असेल तर फ्रेमला खाली पाय लावून घ्या, सुतार करून देतो, भिंतीला एकही खिळा लागत नाही आणि घर बदलताना सगळं टेम्पोत टाकून नेता येतं.